बंदूक दुरुस्तीचा ट्रेड कुठं आहे?

ट्रेडची यादी भिंतीवर लावली होती. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, डिझेल मेकॅनिक, कोपा. मी ती वरून खाली दोनदा वाचली आणि टेबलामागं बसलेल्या सरांना विचारलं, "सर, बंदूक दुरुस्तीचा ट्रेड नाही का?"

रांगेत हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "कामून रे, कुणाचा गेम करायचाय?" सर मात्र हसले नाहीत. चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "फिटर घे. सगळी दुरुस्ती त्यातूनच निघालीय."

मी फिटर घेतला. परभणीच्या आयटीआयमध्ये दोन वर्षं काढली. सरांच्या त्या वाक्यात किती तथ्य होतं हे कळायला मात्र ती दोन वर्षं पुरली नाहीत. त्यासाठी पुढं बरंच वाचावं लागलं. हा लेख त्या वाक्याबद्दल आहे आणि माझ्या प्रश्नाबद्दलही. तो प्रश्न मी गंमत म्हणून विचारला नव्हता. आमच्या घरी खरंच एक बंदूक होती आणि ती बिघडली होती.

आजोबांची एकनळी

जिंतूर तालुक्यात, येलदरी धरणाच्या बाजूला आमचं गाव. शेत गावापासून लांब, मधे ओढा, पलीकडं झाडी. आजोबांकडं स्वसंरक्षणाचा परवाना होता आणि त्यावर एकनळी बारा बोअर. लाकडी दस्ता, काळपट नळी. वर्षातून दोन-तीनदा ते ती कपाटातून काढायचे, फडक्यानं पुसायचे, तेल लावायचे आणि परत ठेवायचे. मी तिचा बार फक्त एकदा ऐकला, तोही हवेत काढलेला. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणायची. लहानपणी मला वाटायचं, निवडणूक म्हणजे बंदूक घरात नसते तो महिना.

माझ्या दहावीच्या वर्षी ती बंद पडली. चाप ओढला की नुसता टक्क आवाज. आजोबांनी ती उघडून बघितली आणि म्हणाले, "पिन झिजली." काडतुसाच्या बुडावर आपटते ती फायरिंग पिन. करंगळीच्या पेराएवढीही नसेल.

परवानाधारक दुरुस्तीवाला जवळपास नव्हता. मोठ्या शहरात जायचं, कागद घेऊन जायचं, बंदूक तिथं ठेवायची, पुन्हा आणायला जायचं. वडील म्हणाले, "एवढ्याशा पिनेसाठी? लेथवर अर्ध्या तासाचं काम आहे. तू शीक आणि कर." मी आयटीआयला गेलो त्याला कारणं बरीच होती. बारावीचा खर्च होता, मार्क होते, लवकर पोटापाण्याला लागायची घाई होती. पण डोक्यात पिन होती हेही खरं.

नुसतं घासणं

फिटरचे पहिले काही महिने म्हणजे कानस. लोखंडाचा एक तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि घासायचा. सर येणार, तुकडा उचलणार, त्याला ट्राय स्क्वेअर लावून खिडकीकडं धरणार. पट्टी आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की एकच शब्द : "घास."

हाताला फोड येतात, मग ते फुटतात, मग तिथं घट्टे पडतात. त्यानंतर हळूहळू हात बसतो. कानस कुठं चावतेय आणि कुठं नुसती घसरतेय ते आवाजावरून कळायला लागतं. व्हर्नियर हातात येतो तेव्हा ०.०२ मिलिमीटर हा आकडा पुस्तकातून उठून बोटांत येतो. मायक्रोमीटरवर तोच हिशोब ०.०१ वर जातो. डोक्याचा केस ह्याच्या कितीतरी पट जाड असतो. घरी गेल्यावर मी आईच्या बांगडीपासून मोटारीच्या नटापर्यंत सगळं मोजत सुटलो होतो.

पहिलं वर्ष संपता संपता आजोबांनी ती पिन काढून चिंधीत गुंडाळून माझ्याकडं दिली. मी ती सगळीकडून मोजली आणि प्रॅक्टिकलच्या वहीत मागच्या पानावर तिचं ड्रॉइंग काढलं. तीन बाजूंनी, मापं टाकून, नियमाप्रमाणं. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं ड्रॉइंग तेच असावं.

वही तपासताना सरांनी ते पान उघडलं.

"हे काय?"

मी खरं ते सांगितलं.

सर बराच वेळ त्या पानाकडं बघत होते. मग म्हणाले, "करता येईल तुला?"

"येईल सर."

"येईल. पण करायचं नाही. बंदूक ठेवायचा परवाना तुझ्या आज्याकडं आहे. बंदूक दुरुस्त करायचा परवाना तुझ्याकडं नाही, माझ्याकडं नाही आणि ह्या वर्कशॉपकडंही नाही."

ते ओरडले नाहीत. लाल पेनानं ड्रॉइंगखाली लिहिलं, 'परवाना नाही. करू नये.' खाली सही केली. मी चिंधी परत खिशात ठेवली.

कलम पाच

त्या रात्री मी मोबाइलवर शस्त्र अधिनियम शोधला. १९५९ चा कायदा, लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्याच्या पाचव्या कलमात परवान्याशिवाय काय काय करता येणार नाही याची यादी आहे. बनवणं, विकणं, हस्तांतरण, रूप बदलणं, चाचणी घेणं हे सगळं येणारच. त्या यादीत 'दुरुस्ती' हा शब्दही आहे.

मला राग आला. ट्रॅक्टर दुरुस्त करायला परवाना लागत नाही. पाण्याची मोटार, घड्याळ, शिलाई मशीन, मोबाइल, काहीही उघडा. विहिरीवरच्या मोटारीनं आमच्या भागात किती जीव घेतलेत, ती मात्र कुणीही उघडतं. आणि ही एवढीशी पिन चालत नाही? जे हातांना येतं ते करायला बंदी, हे गणित माझ्या डोक्यात बसेना.

म्हणून मी मागं मागं जात राहिलो. आणि जसजसा मागं गेलो तसं दिसायला लागलं की सर म्हणाले ते अर्धंच होतं. दुरुस्ती फिटरमधून निघाली असेल, पण फिटर स्वतः बऱ्याच अंशी बंदुकीतून निघालेला आहे.

बारा म्हणजे किती?

सुरुवात 'बारा बोअर' या शब्दापासूनच करू. यातला बारा म्हणजे इंच नाही आणि मिलिमीटरही नाही. एक पौंड शिसं घ्या. त्याच्या सारख्या बारा गोल गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. वीस गोळ्या केल्या तर गोळी लहान, नळी बारीक, बोअर वीस. म्हणून आकडा वाढतो तशी नळी अरुंद होते.

हा हिशोब तुम्हीही करू शकता. पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. बारानं भागलं की ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता ११.३४. गोलाच्या घनफळाचं दहावीचं सूत्र लावलं की व्यास येतो साधारण १८.५ मिलिमीटर. आजोबांच्या बंदुकीची नळी मी मोजलेली होती. वहीत हे गणित जुळलं तेव्हा मला जो आनंद झाला तो परीक्षेत कधी झाला नाही. वजनकाट्यावरून अंतर मोजायची ही रीत मायक्रोमीटरच्या आधीची. तराजू प्रत्येक बाजारात होता, बारीक मोजपट्टी कुणाकडंच नव्हती.

तोफेच्या भोकातून इंजिन

आता इंग्लंड, १७७४. जॉन विल्किन्सन नावाच्या लोखंडाच्या कारखानदारानं तोफेचं भोक पाडायची नवी पद्धत काढली. तोफ भरीव ओतायची आणि नंतर आतून कोरायची. भोक सरळ आलं तर गोळा सरळ जातो, वाकडं आलं तर तोफ फुटून गोलंदाजच मरतो.

त्याच सुमारास जेम्स वॅट वाफेच्या इंजिनापाशी अडला होता. कल्पना तयार होती, पण सिलिंडर गोल होत नव्हता. पिस्टनच्या बाजूनं वाफ निसटायची. विल्किन्सननं तोफांच्या अनुभवावर सिलिंडर कोरायचं यंत्र उभं केलं आणि वॅटचा भागीदार बोल्टन यानं १७७६ मध्ये समाधानानं कळवलं की ५० इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये चूक एका जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही नाही. आज आम्हाला तेवढी चूक केली तर गेटबाहेर काढतील. पण त्या एका शिलिंगवर औद्योगिक क्रांती उभी राहिली.

दुसरी गोष्ट पॅरिसची, १७८५ ची. थॉमस जेफरसन तेव्हा तिथं अमेरिकेचा वकील होता. ओनोरे ब्लँक नावाच्या कारागिरानं त्याच्यापुढं पन्नास बंदुकांच्या चापयंत्रणेचे सुटे भाग ढिगानं ठेवले. कुठलाही भाग उचला, कुठल्याही भागाला लावा, बसतोच. जेफरसननं स्वतः काही जोडून बघितले आणि चकित होऊन मायदेशी पत्र लिहिलं.

यात चकित होण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. मोबाइलची बॅटरी बदलतो तसंच. पण तोपर्यंत प्रत्येक बंदूक ही एकुलती एक असायची. तिचा प्रत्येक भाग कानशीनं घासून शेजारच्या भागाला बसवलेला. एका बंदुकीचा स्क्रू दुसरीला लागत नसे. रणांगणात चाप मोडला की बंदूक म्हणजे काठी, जोपर्यंत कारागीर येऊन नवा भाग घासून 'फिट' करत नाही तोपर्यंत. हा घासून बसवणारा म्हणजेच फिटर.

अमेरिकेत एली व्हिटनीनं १७९८ मध्ये दहा हजार बंदुका दोन वर्षांत देण्याचा सरकारशी करार केला. भाग एकमेकांना लागतील असा त्याचा दावा होता. प्रत्यक्षात पुरवठा पूर्ण व्हायला १८०९ उजाडलं आणि नंतरच्या अभ्यासकांनी तपासल्यावर त्याच्या बंदुकांचे भाग काही एकमेकांना लागले नाहीत. ते जमलं १८२० च्या दशकात, हार्पर्स फेरी इथं, जॉन हॉलला. त्याचं गुपित होतं गेज. प्रत्येक भागासाठी ठरलेलं पोलादी माप. भाग त्यात बसला तर पास, नाही बसला तर भंगार. कारागिराच्या मताला वाव नाही.

मी आज वाळूजला एका कारखान्याच्या तपासणी विभागात काम करतो. माझ्या टेबलावर 'गो' आणि 'नो-गो' गेज असतात. गेजचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दिवसातून शेकडो वेळा हे करतो. वाहनाचे भाग तपासणाऱ्या ह्या गेजचं कूळ बंदुकीच्या कारखान्यात आहे हे मला कामाला लागल्यावर दोन वर्षांनी कळलं.

इकडं दख्खनमध्ये

हे सगळं तिकडचं झालं. आपल्याकडं काही नव्हतं का? होतं, आणि पुष्कळ होतं.

विजापूरच्या तटावर असलेली मुलूख-ए-मैदान तोफ विजापूरची नाही. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. निजामशाहीच्या सेवेतल्या मुहम्मद बिन हुसेन रूमी या ओतारीनं ती घडवली. वजन सुमारे ५५ टन. एवढा मिश्रधातू एका दमात वितळवून साच्यात सोडायचा म्हणजे शेकडो हातांना नेमकं काय करायचं ते ठाऊक असलं पाहिजे.

हैदराबादला आजही 'गनफाउंड्री' नावाचा भाग आहे. निजामाच्या सेवेतल्या रेमाँ या फ्रेंच सेनापतीनं १७९५ मध्ये तिथं तोफा ओतायचा कारखाना काढला. लोक त्याला 'तोप का सांचा' म्हणत. १७९८ च्या मार्चमध्ये रेमाँ मेला. त्याच वर्षी निजामानं इंग्रजांशी तह केला आणि ऑक्टोबरमध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालचं दहा हजारांहून मोठं सैन्य नि:शस्त्र केलं गेलं. आमचा परभणी जिल्हा ह्याच निजामाच्या राज्यातला. इथलं हत्याराचं शास्त्र कधी, कुणाच्या सहीनं थांबलं याची एक तारीख सांगायची तर मी ही सांगेन.

ब्रिटिश हिंदुस्थानात दुसरी सही झाली १८७८ मध्ये. लॉर्ड लिटनच्या काळातला शस्त्र कायदा. हत्यार बाळगायला, बनवायला, विकायला परवाना हवा. युरोपियनांना मात्र त्यातून सूट. त्याच वर्षी त्याच लिटननं देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आणला. बंदूक आणि छापखाना, दोन्हीची भीती एकाच वर्षी वाटली. १८५७ ला तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती.

कारखाने बंद झाले असं नाही. ते फक्त सरकारच्या भिंतीआड गेले. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. बंगालमध्ये ईशापूरला रायफली बनू लागल्या. तिथं हिंदी कामगार लेथवर होते, कानस चालवत होते. संध्याकाळी गेटमधून बाहेर पडताना त्यांची झडती होई आणि तेच कसब घराच्या ओसरीवर गुन्हा ठरे.

ज्यांचं नावच धार आहे

ह्यात एक समाज असा आहे की ज्याचं नावच ह्या धंद्यातून आलं. शिकलगार. अरबीत 'सैकल' म्हणजे पॉलिश, चकाकी. हत्याराला धार आणि पाणी देणारा तो सैकलगार, त्याचं शिकलगार झालं. मुस्लिमांत शिकलगार आहेत, शिखांतही आहेत. शीख शिकलगार आपला संबंध गुरूंच्या फौजेसाठी हत्यारं घडवणाऱ्यांशी सांगतात. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला आले आणि तिथंच त्यांचा अंत झाला. परभणीहून नांदेड रेल्वेनं जेमतेम दीड तास. आमच्या भागात शिकलगारांची वस्ती असण्यात नवल नाही.

मी त्यांना ओळखतो ते आठवडी बाजारामुळं. पत्र्याच्या बादल्या, चाळण्या, कढया, विळ्या, सुऱ्या. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षी आईची विळी लावायला मी एका म्हाताऱ्या सरदारजींकडं बसलो होतो. धार लावून झाल्यावर त्यांनी पातं नखावर टेकवून हलकं ओढलं. नख जिथं अडलं तिथं पुन्हा दगडावर दोन हात मारले. मी विचारलं, हे कशासाठी? म्हणाले, "बेटा, नखून खोटं नाही बोलत." मी नुकताच मायक्रोमीटर शिकलेलो. विळीच्या पात्याला त्यांनी दिलेली धार मला दोन वर्षं शिकूनही देता आली नसती.

मी फिटर शिकतोय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "सर्टिफिकेट मिळतं?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "आमच्या पोरांना पण मिळालं पाहिजे. हातात काम आहे, कागद नाही. कागद नसला की लोक हाताकडं बघत नाहीत, तोंडाकडं बघतात."

हे वाक्य मला नीट कळलं ते फार उशिरा. मे २०२३ मध्ये परभणी तालुक्यातल्या एका गावात जमावानं चोरीच्या संशयावरून शिकलगार समाजाच्या तीन मुलांना बेदम मारलं. त्यातला एक, चौदा वर्षांचा, गेला. बातमी वाचली तेव्हा मी शिफ्टवर होतो. कुठं चोरी झाली होती की नाही हा प्रश्नच नाही. 'ही असलीच माणसं' हे जमावाच्या डोक्यात आधीच पक्कं होतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये आख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. स्वतंत्र भारतानं तो १९५२ मध्ये रद्द केला. डोक्यातून तो रद्द झालेला नाही. हात वापरून, फिरून पोट भरणाऱ्या माणसाकडं आपण अजून त्याच नजरेनं बघतो.

आजोबांनी सांगितलेली विहीर

कायद्याचा राग मनात घेऊन मी एकदा आजोबांपाशी बसलो. म्हटलं, इंग्रजांनी भीतीपोटी केलेला कायदा आपण अजून का चालवतो? आजोबा १९४८ मध्ये आठ वर्षांचे होते. ते हसले आणि त्यांनी पहिल्यांदाच एक गोष्ट सांगितली.

त्यांच्या वडिलांकडं एक ठासणीची बंदूक होती. दारू, चिंधी, छर्रे वरून नळीत ठासायचे. रझाकारांच्या काळात रात्री जागवायच्या, तेव्हा ती दाराआड असे. निजामाला बाहेरून शस्त्रं मिळत होती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून चोरून विमानांनी हत्यारं आणत असे, हे आता इतिहासात नोंदलेलं आहे. गावात मात्र पोचायची ती तलवार, भाला आणि असल्याच ठासणीच्या बंदुका. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला. आपण तो दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो.

"पण त्याच्या फुडचे दिवस कुणी सांगत नाही," आजोबा म्हणाले. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड म्हणून मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी साध्या मुसलमान घरांवर हल्ले झाले. केंद्रानं पंडित सुंदरलाल यांची समिती पाहणीला पाठवली आणि तिचा अहवाल कित्येक वर्षं दडूनच राहिला. आमच्या गावात काही लोक पणजोबांकडं बंदूक मागायला आले. कशासाठी ते त्यांनी लपवलंही नाही. पणजोबा म्हणाले, बिघडलीय. त्यातल्या एकानं सांगितलं, दे, मी नीट करून घेतो.

त्या रात्री पणजोबांनी ती विहिरीत टाकली.

"ती नीट होती का, आजोबा?"

"एकदम नीट होती."

मी पुढं काही बोललो नाही. कलम पाचमधला 'दुरुस्ती' हा शब्द मला त्या विहिरीच्या काठावर उभा दिसला. मोडकी मोटार नीट झाली की पाणी येतं. मोडकी बंदूक नीट झाली की काय येतं ते तिच्या मालकावर ठरतं, आणि दुरुस्त करणाऱ्याला ते ठाऊक नसतं. कायदा इंग्रजांनी धाकापोटी आणला हे खरं. पण आपण तो १९५९ मध्ये नव्यानं लिहिला, युरोपियनांची सूट तेव्हा त्यात नव्हती, आणि दुरुस्तीचं नाव तरीही ठेवलं. ते ठेवायला कारण होतं.

मग हा ट्रेड शिकवतात कुठं?

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल.

देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली, आयटीआयचं जाळं त्यातून वाढलं. १९६१ मध्ये ॲप्रेंटिस कायदा आला. त्यानंतर लोहाराचं पोर नसलेल्या मुलालाही कानस हातात घेता आली, आणि बापाचा धंदा न करणाऱ्यालाही कागद मिळू लागला. माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोरासाठी हा केवढा मोठा दरवाजा होता ते मी विसरणार नाही. पण त्या यादीत बंदूक कधीच नव्हती.

ती शिकायची तर गणवेश घालावा लागतो. सैन्याच्या ईएमई कोअरमध्ये आर्मोरर असतात. रायफलीपासून मशीनगनपर्यंत सगळ्यांची देखभाल त्यांच्याकडं. पोलीस दलातही आर्मोरर असतो. दुसरा रस्ता आयुध निर्माणीच्या गेटमधून जातो. खडकी, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी, भंडारा, चंद्रपूर, महाराष्ट्रात अशा निर्माण्या पुष्कळ. आयटीआय झालेली मुलं तिथं ॲप्रेंटिस म्हणून जातात. १ ऑक्टोबर २०२१ पासून ह्या साऱ्या निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. मीही एकदा फॉर्म भरला होता, नंबर लागला नाही.

तिसरा रस्ता वारशाचा. बिहारमध्ये मुंगेर आहे. मीर कासीमनं १७६२ च्या सुमारास राजधानी तिकडं हलवली आणि शस्त्रांचा कारखाना उभा केला. तो नवाब गेला, पण कारागिरांचं कसब राहिलं. आज तिथं परवाना असलेले बंदूक कारखाने आहेत आणि चोरून चालणारे अड्डेही. हात दोन्हीकडं सारखेच कुशल. फरक कागदाचा. त्या म्हाताऱ्या सरदारजींना हे माझ्या आधी कळलं होतं.

मागचं पान

आजोबांनी शेवटी बंदूक रीतसर परवानाधारक दुकानात नेली. दोन फेऱ्या झाल्या, वडील कुरकुरले, पिन बदलून आली. त्यानंतर ती पुन्हा कपाटात गेली. तिचा बार पुन्हा कधी निघाला नाही.

२०१९ मध्ये आजोबा गेले. परवाना त्यांच्या नावावर होता, त्यामुळं बंदूक घरात ठेवणं आता बेकायदा होतं. तेराव्यानंतर वडील आणि मी ती ठाण्यात जमा करायला गेलो. वारसानं अर्ज केला तर ती परत मिळू शकते, असं तिथल्या हवालदारांनी नीट समजावून सांगितलं. त्यांनी बंदूक मोडून नळी खिडकीकडं धरली, आत बघितलं आणि माझ्याकडं दिली, "बघा, साफ आहे." मी डोळा लावला. लांब, गोल, चकचकीत बोगदा आणि टोकाला उजेडाचं नाणं. साडेअठरा मिलिमीटर.

बाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं, "अर्ज करायचा का?"

मी नाही म्हणालो. पावती घडी घालून खिशात ठेवली.

प्रॅक्टिकलची ती वही अजून माझ्याकडं आहे. मागच्या पानावर पिनेचं ड्रॉइंग आहे, सगळी मापं बरोबर आहेत, खाली लाल अक्षरात शेरा आहे. कारखान्यात नवी पोरं ॲप्रेंटिस म्हणून येतात तेव्हा मी त्यांना गेज कुठून आले ते सांगतो. कधी कधी ते पानही दाखवतो. बहुतेक जण विचारतात, "सर, मग हा जॉब केलाच नाही का?"

नाही केला, म्हणतो. आणि त्यांच्या हातातला तुकडा घेऊन खिडकीकडं धरतो. कडेनं उजेडाची रेघ दिसत असते.

"घास."